विटेवरची जीप

मराठी भाषेतलं सर्वांत घातक वाक्य कोणतं असं कुणी विचारलं, तर मी बेधडक सांगेन – 'काही होत नाही हो!' आपल्या भाषेत शिव्यांची श्रीमंती आहे, शापांचाही तुटवडा नाही. पण शिवीने कुणी दगावल्याचं ऐकिवात नाही आणि शापांची हल्ली कुणी खात्री देत नाही. 'काही होत नाही'चं तसं नाही. हे वाक्य म्हणत माणसं काडेपेटीच्या काड्या खुपसून उघड्या वायरी प्लगात बसवतात, ओल्या हाताने गीझरचं बटण दाबतात, पाचव्या मजल्याच्या कठड्यावर एक पाय आणि पालथ्या बादलीवर दुसरा ठेवून खिडकीची काच पुसतात. आणि गंमत म्हणजे, बहुतेक वेळा खरोखरच काही होत नाही. तीच तर पंचाईत आहे! दर दुसऱ्या खेपेला काही झालं असतं, तर माणसं केव्हाच शहाणी झाली असती.

पण या वाक्याची राजधानी पाहायची असेल तर एखाद्या गॅरेजच्या दारात, किंवा घाटातल्या वळणावर बसलेल्या जीपपाशी जाऊन उभे राहा. जीपचा मागचा पाटा मोडलेला असतो. मागचं एक चाक हवेत असतं. जॅकखाली वीट, विटेखाली दगड, दगडाखाली परवाच्या पावसाचा चिखल, आणि या मनोऱ्याच्या टोकाला ती जीप. जीपखालून दोन पाय बाहेर आलेले दिसतात. त्यातल्या एकाच पायात स्लिपर असते. दुसरी जॅकच्या डोक्यावर ठेवलेली असते, उंची बोटभर कमी पडली म्हणून. भोवती चारपाच माणसं कमरेवर हात ठेवून उभी असतात, आणि त्यांतला निदान एक जण म्हणत असतो, ''अरे, काही होत नाही. जा आणखी आत!''

माझं भांडण आडव्या माणसाशी नाही. ते या उभ्या माणसांशी आहे.

आता, ज्यांचा जीपशी संबंध सिनेमात सगळं संपल्यावर येणाऱ्या पोलिसांपुरताच आहे, त्यांना पाटा म्हणजे काय ते सांगायला हवं. स्वयंपाकघरातला, वरवंट्याबरोबर येणारा तो हा नव्हे. हा पोलादाच्या वाकलेल्या पट्ट्यांचा एक जुडगा असतो. चाकं आणि गाडीचं अंग यांच्या मधे बसून तो खड्ड्यांचे धक्के गिळतो. ही युक्ती मोटारीपेक्षा जुनी. लंडनकडच्या ओबडाया इलियट नावाच्या एका बग्गी बनवणाऱ्याने १८०४ साली असल्या स्प्रिंगांवर गाडी झुलती ठेवण्याचं पेटंट घेतलं, त्या वेळी आपल्याकडे दुसरा बाजीराव गादीवर होता. पुढे बग्ग्या गेल्या, बाजीराव गेला, पाटे राहिले. १९४७ साली महिंद्रांनी मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली, तिला चारही चाकांना पाटेच होते. १९८५ साली जिप्सी आली, तीही चारही पाटे घेऊन. २००० साली बोलेरो आली, २०१० साली थार आली. दोघींनी पुढची बाजू सुधारली, पण मागे आपले पाटेच. २०२० साली थार नव्याने आली तेव्हा कुठे मागचे पाटे जाऊन तिथे वेटोळ्यांच्या स्प्रिंगा बसल्या. म्हणजे सव्वादोनशे वर्षं जुनी वस्तू आहे ही, आणि तिच्याशी कसं वागावं हे आपल्याला अजून समजलेलं नाही.

पाट्याची रचना समजायला इंजिनिअर व्हावं लागत नाही. एकत्र कुटुंब ज्याने पाहिलंय त्याला पाटा समजलाच. सगळ्यांत वरची लांब पट्टी म्हणजे घरातला कर्ता पुरुष – तिला 'मेन पाटा' म्हणतात. तिच्या दोन्ही टोकांना कान असतात आणि गाडीच्या अंगाशी नातं तिचंच. बाकीच्या पट्ट्या तिच्याखाली उतरत्या लांबीने निमूट बसलेल्या. भार सगळ्यांनी उचलायचा, पण जोडणी एकीचीच. आणि या सगळ्यांच्या पोटातून गेलेला एक बारीकसा सेंटर बोल्ट म्हणजे घरातली आजी. दिसत नाही, बोलत नाही, पण तिच्यामुळे सगळे एका जागी असतात. यातली खुबी अशी, की प्रत्येक पट्टीचा बाक वेगळा असतो. खालची धाकटी पट्टी वरच्या थोरलीपेक्षा जरा जास्तच वाकडी. त्यांना दाबून एकत्र आवळलेलं असतं. त्यामुळे आजी गेली, की पट्ट्या वाटणी झाल्यासारख्या चहूकडे उडतात. म्हणून जाणता माणूस सेंटर बोल्ट सोडण्याआधी पाटा शेगड्यात किंवा शिकंज्यात घट्ट पकडतो आणि मग हळूहळू ढिला करतो. अजाणता माणूस मांडी घालून बसतो, पाटा पुढ्यात घेतो आणि छिन्नीने बोल्ट तोडतो. त्याच्या पुढच्या दातांवरून गॅरेजातल्या लोकांना तो ओळखू येतो.

हे मोडतात कशाने? आपल्या गुणांनी. पश्चिम महाराष्ट्रातली वडापची जीप ज्याने पाहिली आहे त्याने हा प्रश्नच विचारू नये. आत बसलेले, मागे लोंबणारे, टपावरचे, त्यांची पोती, त्यांच्या कोंबड्या – या साऱ्यांचा भार दोन मागच्या पाट्यांवर. हल्ली त्यात नवा संप्रदाय आला आहे. आठवडाभर संगणकापुढे बसलेली मंडळी शनिवारी जीप काढतात, आणि जिथे चांगला रस्ता आहे तो सोडून मुद्दाम जिथे नाही तिथून ती नेतात. मावळात आणि कोकणच्या घाटमाथ्यावर पावसाळ्यात असे तांडे दिसतात. त्यांच्या हौसेबद्दल माझी तक्रार नाही. आमचे वाडवडील त्याच दऱ्याखोऱ्यांतून रस्ता व्हावा म्हणून अर्ज करत होते, एवढंच मनात येतं.

तर पाटा मोडतो. आणि मग आपल्या अंगच्या श्रद्धाळूपणाला बहर येतो. जीपखाली शिरणाऱ्या मराठी माणसाची चार दैवतं आहेत – जॅक, वीट, हँडब्रेक आणि गिअर. चारही दैवतं खोटी आहेत, हे मला आज एकदाचं सांगून टाकायचं आहे.

पहिलं दैवत जॅक. जॅकचं काम उचलणं, तोलून धरणं नव्हे. या दोहोंतला फरक आपल्याला लग्नाच्या मांडवात बरोबर समजतो. नवरामुलगा वरातीत खांद्यावर उचलून घेणारे मित्र त्याचा संसार चालवणार नसतात! तेलाच्या जॅकमध्ये सारा भार एका सीलवर असतो. ते झिजलं की जॅक बसतो. कधी तासाभरात, कधी एका दमात. नोटीस देत नाही. स्क्रूचा जॅक बसत नाही, पण तो उभा असतो तळहाताएवढ्या बुडावर, आणि गाडी इंचभर पुढे सरकली की आडवा होतो.

दुसरं दैवत वीट. विटेवर उभं राहून टिकलेला या महाराष्ट्रात एकच – पंढरपूरचा विठोबा. आणि त्याच्यासाठी ती भक्ताने फेकली होती. जीपसाठी पुंडलिकाने काही फेकलेलं नाही. वीट भिंतीत असते तेव्हा तिला चारी बाजूंनी शेजार असतो, मधे सिमेंट असतं, भार सगळ्या अंगावर सारखा येतो. जीपखाली तिच्या वाट्याला येते ती लोखंडाची एक धार. एका जागी तेवढा भार आला की वीट फुटते, आणि फुटताना तडा जाऊन वाट बघत नाही. एकदम भुगा होतो. काळा दगड फुटत नाही, पण निसटतो. सिमेंटचे पोकळ ठोकळे तर विटेपेक्षाही विश्वासघातकी.

तिसरं हँडब्रेक. सुशिक्षितांची याच्यावर फार भिस्त. ''हँडब्रेक ओढलाय हो'' असं ते अशा सुरात सांगतात, की जणू विमा उतरवलाय. आता जरा डोकं चालवा. बहुतेक गाड्यांत हँडब्रेक मागच्या चाकांना पकडतो. आणि पाटा काढायला आपण उचललीत कोणती चाकं? मागचीच! ती हवेत घट्ट पकडलेली, आणि जमिनीवरची पुढची दोन्ही मोकळी. जुन्या विलीज जीपची तर याहून तऱ्हा. तिचा हँडब्रेक चाकांवर नसतोच. तो गिअरबॉक्सच्या मागे, चाकांकडे जाणाऱ्या फिरत्या दांड्याला पकडतो. एकच मागचं चाक उचललं, की डिफरन्शियलच्या कृपेने हवेतलं चाक उलटं फिरतं, जमिनीवरचं सुलटं फिरतं, आणि हँडब्रेक पूर्ण ओढलेला असताना जीप उताराला लागते. चौथं दैवत गिअर. त्याचीही तीच कथा, कारण तोही त्याच दांड्यातून चाकापर्यंत पोचतो.

हा हिशेब करायला कागदपेन्सिल लागत नाही. जुनी जीप टनाच्या आसपास, बोलेरो दीड टनाच्याही वर. निम्मी गाडी मागे धरली तरी जुन्या जीपखाली झोपलेल्या माणसाच्या छातीवर पाचशे किलो टांगलेले आहेत. म्हणजे सिमेंटची दहा पोती. 'दोरीने बांधलेल्या दहा सिमेंटच्या पोत्यांखाली जरा झोपून पेपर वाच' असं कुणी सांगितलं तर तुम्ही त्या माणसाशी सोयरीक ठेवणार नाही. मग जीपखालीच काय खास आहे?

बरं, यात अवघड असं काही नाही. आमच्या ओळखीचे सातारकडचे एक निवृत्त हवालदार आहेत. उभी हयात लष्कराच्या गाड्या दुरुस्त करण्यात गेली. हा मनुष्य एरवी कीर्तनाला बसल्यासारखा शांत. पण गाडी उचलायची म्हटली की त्यांचा विधी सत्यनारायणापेक्षा कडक. गाडी सपाट आणि टणक जमिनीवर. पुढच्या दोन्ही चाकांना पुढून आणि मागून लाकडी पाचरी. मग मागून जॅकने उचलायची, आणि चेसिसच्या दोन्ही लांब तुळयांखाली, पाटा जिथे पुढे अडकवलेला असतो त्याच्याही पुढे, एकेक लोखंडी घोडी लावायची. कुणी तिला स्टँड म्हणतात. पुण्यात काही ठिकाणी तिला 'कशाला पाहिजे?' असंही म्हणतात. जॅक उतरवून सगळा भार घोड्यांवर द्यायचा, आणि मग त्यांचा मुख्य मंत्र: गाडीला दोन्ही हातांनी धरून गदागदा हलवायचं. ''पडायची असेल तर आत्ताच पड म्हणावं,'' हवालदार सांगतात, ''आत्ता पडली तर लोखंड जाईल.'' पडली नाही, तर काढलेलं चाक चेसिसखाली आडवं सरकवून ठेवायचं. घोडीने दगा दिलाच, तर मधे चाक असतं.

एवढं झाल्यावर पाट्याला हात. घोडी चेसिसखाली का, ॲक्सलखाली का नाही? कारण पाटा सुटला की ॲक्सल, म्हणजे मागच्या दोन चाकांना जोडणारा तो जाडजूड दांडा, खाली-वर व्हायला मोकळा हवा. म्हणून मोकळा झालेला जॅक आता ॲक्सलखाली न्यायचा आणि तो इतकाच उचलायचा, की पाट्यावर ना वरून भार, ना खालून ओढ. शॅकलचा बोल्ट मुकाट बाहेर येऊ लागला की समजावं, पाटा निवला. ठोकूनच निघत असेल, तर अजून ताण आहे. हातोडा ठेवा आणि जॅक थोडा खाली-वर करा. एका वेळी एकच बाजू सोडायची, म्हणजे दुसरी बाजू ॲक्सलला जागेवर धरून ठेवते. गंजलेल्या नटांना आदल्या रात्रीच तेल. डोळ्यांना चष्मा, कारण जीपखालचा गंज न्यूटनच्या नियमाप्रमाणे सरळ डोळ्यात पडतो. यू-बोल्ट नवे घालायचे. आणि मोडलेला पाटा वेल्डिंग करून परत बसवायचा नाही! पोलादाला तापवून-निववून पाणी दिलेलं असतं; वेल्डिंगच्या आचेने ते उतरतं, आणि पाटा पुढच्या मोठ्या खड्ड्यात सांध्याच्या शेजारीच मोडतो. शेवटी गाडी चाकांवर उतरली, की मगच रबरी बुशांचे बोल्ट पक्के आवळायचे, आणि शंभर-दोनशे किलोमीटर झाले की सगळं पुन्हा एकदा आवळायचं. झालं! यात कुठे काय हिमालय चढायचा होता?

आता विरुद्ध पक्षाचं म्हणणं ऐकू, नाहीतर एकतर्फी निकाल दिला म्हणाल.

पहिलं म्हणणं: ''आमचे वस्ताद तीस वर्षं असंच काम करतात, त्यांना कधी खरचटलं नाही.'' मान्य. पण ज्यांना खरचटलं ते तुम्हाला सांगायला येणार कसे? तीस वर्षं टिकलेले वस्ताद तेवढे भेटतात. जे तिसऱ्या वर्षी गेले, त्यांच्याकडे कुणी गाडी टाकत नाही. अनुभव ही थोर गोष्ट आहे, पण जॅकच्या सीलला वस्तादांची सेवाज्येष्ठता ठाऊक नसते.

दुसरं म्हणणं: ''घोड्या महाग पडतात.'' हे म्हणणारा जीपमालक मी जवळून पाहिलेला आहे. त्याच्या जीपच्या टपावर आडव्या दिव्यांची रांग असते. रात्री ती पेटली की पलीकडच्या गावातले कोंबडे आरवतात. पुढे दोरखंडाची चरखी असते, मागे डबे असतात, पट्टे असतात, फावडं असतं. एक भलामोठा उंच जॅकही असतो, लाल रंगाचा, बाहेरून दिसेल असा बांधलेला. त्याचा दांडा निसटला तर जबडा फोडतो, हे मात्र विकणाऱ्याने सांगितलेलं नसतं. दरवाजात घालायच्या स्पीकरच्या किमतीत घोड्यांची जोडी येते. पण घोड्या फोटोत चांगल्या दिसत नाहीत.

तिसरं म्हणणं: ''तेवढा वेळ कुणाला आहे?'' घोड्या लावायला लागतात दहा मिनिटं. आणि हे बोलणारे गृहस्थ तिथे पाऊण तास उभे असतात, चहा पीत, खालच्याला सूचना देत.

इथेच माझ्या रागाचं मूळ आहे. नीट पाहा, 'काही होत नाही' हे वाक्य गाडीखाली शिरणारा माणूस सहसा म्हणत नाही. ते म्हणतो वर उभा असलेला. मालक म्हणतो, कारण त्याला रविवारी ताम्हिणीला जायचंय. वस्ताद म्हणतो, कारण संध्याकाळपर्यंत गाडी द्यायची कबूल केलीय. आणि खाली जातो तो बारक्या. प्रत्येक गॅरेजात एक बारक्या असतो. त्याचं खरं नाव शाळेच्या दाखल्यावर असतं, आणि दाखला गावाकडे असतो. तो अंगाने बारीक म्हणून अडचणीच्या जागी शिरतो, लहान म्हणून 'नाही' म्हणत नाही, आणि नवा म्हणून त्याला भीती कशाची वाटायला हवी तेच ठाऊक नसतं. चौदा वर्षांखालच्या मुलाला अशा कामावर ठेवायला कायद्याने मनाई आहे. २०१६ च्या दुरुस्तीने तर घरच्या धंद्यातली शाळेबाहेरच्या वेळची मदत वगैरे अपवाद सोडून ती सगळ्याच कामांना लागू झाली. पण बारक्याला वय विचारलं की तो पढवलेलं सांगतो – ''अठरा.'' ओठांवर अजून लव नाही आणि म्हणे अठरा! आणि समजा, असतील अठरा. अठराव्या वर्षी बरगड्या पोलादाच्या होतात असा सरकारी आदेश निघाल्याचं माझ्या वाचनात नाही.

आपण मध्यमवर्गीय माणसं मनाने वाईट नाही. आपण गॅरेजात बारक्याला चहा पाजतो. जाताना त्याच्या हातावर वीस रुपये ठेवतो, 'शाळेत जातोस का रे?' असंही विचारतो, आणि पुण्य बांधून घरी येतो. पण तो आपल्याच गाडीखाली एका विटेच्या भरवशावर आडवा होता, तेव्हा आपण मोबाइलवर बोलत होतो. 'गाडी केव्हा मिळेल?' हा एकच प्रश्न आपल्याला गॅरेजात सुचतो. भाजीवाल्याला आपण कोथिंबिरीच्या जुडीवरून चार प्रश्न विचारतो. लग्नाच्या कार्यालयात जिलबीच्या पाकाची चौकशी करतो. आणि इथे एक जिवंत माणूस आपल्या मालकीच्या लोखंडाखाली जातोय, तर आपल्याला एकदम कारागिराच्या कामात ढवळाढवळ करू नये हा शिष्टाचार आठवतो!

माझं म्हणणं सरळ आहे. पाटा कुणाचा, गॅरेज कुणाचं, हे सगळं राहू द्या. पण गाडी ज्याची, जबाबदारी त्याची. पुढच्या खेपेला गॅरेजात गेलात की 'केव्हा मिळेल' हे मागाहून विचारा. आधी विचारा, ''घोड्या कुठे आहेत?'' नसल्या तर गाडी वळवून दुसरीकडे न्या. पाटा मोडल्यामुळे वळवता येत नसेल, तर घोड्या आणवा. पैसे तुम्ही द्या आणि त्या तिथेच ठेवून या. वस्ताद हसतील. ''साहेब फार भित्रे आहेत'' म्हणतील. म्हणू द्या. आणि कुणी अगदीच हट्टाला पेटून म्हणालं, की 'काही होत नाही हो', तर त्याच्याशी वाद घालू नका. हातातला चहाचा कप काढून घ्या, जीपखाली बोट दाखवा आणि नम्रपणे म्हणा, ''असं? मग आधी तुम्ही.''